चार्जर बसले, फलक लागला, वीज मात्र आली नाही

इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग स्टेशन काढणाऱ्या एकाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या सूस-बावधन पट्ट्यात रस्त्याला लागून त्याची जागा आहे, भाडेकरारावर घेतलेली. ६० किलोवॉटचे दोन डीसी (जलद) चार्जर आणि ७.४ किलोवॉटचे दोन एसी (सावकाश) चार्जर मार्चमध्ये येऊन बसले. शेड झाली, फलक लागला, पेव्हर ब्लॉकही झाले. आज ऑक्टोबर उजाडला तरी स्टेशन बंद आहे. चार्जरवाले म्हणतात वीज नाही. विजेचं काम घेतलेला ठेकेदार म्हणतो खोदाईची परवानगी नाही. वीज कार्यालयात विचारलं तर अर्जात त्रुटी आहेत असं उत्तर मिळतं. भाडं आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला जातोच आहे. नक्की अडलंय कुठे आणि आता करायचं काय?

मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे. बावीस वर्षं पुण्यात हीच कामं करतोय, त्यातली शेवटची सहा-सात वर्षं बरीचशी चार्जिंग स्टेशनांची. अशा प्रश्नात मला सगळ्यात आधी एक तारीख हवी असते आणि ती कोणी लिहीत नाही: वीजजोडणीचा अर्ज कोणत्या दिवशी केला? तुम्हीही लिहिलेली नाही. चार्जर मार्चमध्ये आले म्हणजे ऑर्डर डिसेंबर-जानेवारीत गेली असणार. अर्ज बहुधा फेब्रुवारीच्या शेवटी, चार्जर निघाल्याचा फोन आल्यावर. माझा अंदाज चुकला तर आनंदच आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचं असंच असतं. चार्जर दोन-अडीच महिन्यांत मिळतो. नवा ट्रान्सफॉर्मर आणि रस्त्याखालून केबल लागणारी वीज त्या वेळात मिळत नाही. म्हणजे जे काम सगळ्यात लांबचं, ते सगळ्यात शेवटी हातात घेतलं गेलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

या गोंधळाला एक कारण आहे. चार्जिंग स्टेशन चालवायला वीज कायद्याखालचा परवाना लागत नाही, ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं. ती बातमी सगळ्यांनी वाचली आणि ‘परवाना लागत नाही’चा अर्थ ‘काहीच लागत नाही’ असा घेतला. परवाना लागत नाही हे खरं. पण भार मंजूर करून घ्यावा लागतो, रस्ता खोदायची परवानगी लागते, ट्रान्सफॉर्मर लागला तर विद्युत निरीक्षकांची तपासणी लागते, आणि हे सगळं ज्या जागेवर होणार तिचे कागद स्वच्छ लागतात.

दुसरा गैरसमज मुदतीचा. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि नव्या जोडणीची मुदत महानगरांत सातवरून तीन दिवस, इतर महापालिका हद्दीत पंधरावरून सात दिवस आणि ग्रामीण भागात तीसवरून पंधरा दिवस अशी आली. लोक मोबाइलवर ही बातमी उघडून माझ्यासमोर धरतात. पण ते दिवस मोजायला सुरुवात होते ती अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण झाल्यावर, आणि ती मुदत जागेजवळ आधीच असलेल्या वाहिनीवरून जोडणी देण्याची आहे. वाहिनीच वाढवायची, डीपी (म्हणजे रस्त्यावरचा वाटपाचा ट्रान्सफॉर्मर) नवी बसवायची, तर हिशोब महिन्यांचा होतो. तुमचं प्रकरण दुसऱ्या जातीचं आहे.

ते का, हे आकड्यांत बघू. दोन डीसी चार्जरचे १२० किलोवॉट हे गाडीला मिळणारे. चार्जर स्वतः थोडी वीज खातो, कार्यक्षमता पंच्याण्णव टक्के धरली तर लाइनवरून १२६ लागतात. एसीचे दोन मिळून १५. दिवे, कॅमेरे, बसायच्या जागेतले पंखे, चहाच्या टपरीला दिलेला एक पॉइंट. झाले १४५ किलोवॉट. तीन फेजवर हा साधारण २०० अँपिअरचा भार. महापालिका हद्दीत दीडशे किलोवॉटच्या पुढे सरकलात की उच्चदाबाचा विषय सुरू होतो, म्हणजे तुम्ही उंबरठ्यावर उभे आहात. आणि समोरच्या डीपीवर आधीच तीन सोसायट्या आणि एक गिरणी असेल, तर तिच्यातून २०० अँपिअर कोणी देणार नाही. देऊही नये. उन्हाळ्यात संध्याकाळी सात वाजता त्या सोसायट्यांचे एअर कंडिशनर सुरू झाले की फ्यूज तुमच्या नावाने उडेल.

मग उरतो स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर. महावितरणची पद्धत अशी: तुमच्यासाठी लागणारी यंत्रणा तुमच्या खर्चाने, परवानाधारक ठेकेदाराकडून उभी करायची. महावितरण तिच्यावर देखरेख ठेवतं आणि त्यासाठी १.३ टक्के शुल्क घेतं. धंद्यातले लोक याला नुसतं ‘वन पॉइंट थ्री’ म्हणतात. ठेकेदार तुमच्यासमोर हे तीन शब्द बोलला असेल आणि तुम्हाला तो एखादा फॉर्म वाटला असेल. त्याचा अर्थ एवढाच की वेळापत्रक आता तुमच्या ठेकेदाराच्या हातात आहे. तो कुठल्या टप्प्यावर आहे हे त्याला तारखांसकट विचारा: ए-वन अर्ज (नव्या जोडणीचा) कधी, जागेची पाहणी कधी, भारमंजुरी आणि एस्टिमेट कधी, कोटेशन कधी भरलं. कोटेशन भरल्याची पावती हातात नसेल तर बाकी सगळ्या गप्पा आहेत.

अर्जात एक गोष्ट आवर्जून तपासा. राज्य वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये चार्जिंग स्टेशनसाठी दराची वेगळी वर्गवारी केली. अर्ज भरणाऱ्या पोराने सवयीने ‘वाणिज्य’वर टिचकी मारली असेल तर बिल वेगळ्याच दराने सुरू होतं, आणि नंतर बदलून घेताना पुन्हा तेच फेरे.

आता ट्रान्सफॉर्मरची एक गोष्ट सांगतो. यात चूक आमच्याच बाजूची होती, म्हणून जास्त लक्षात आहे. पश्चिम पुण्यातलं काम. जागामालक हौशी, पैसे तयार. चार्जर पुरवणाऱ्याने त्याला पॅकेज दिलं होतं: चार्जर, पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर असं सगळं एकत्र. मी त्या कामात उशिरा शिरलो आणि ‘ऑर्डर गेलीय’ म्हटल्यावर कागद मागून बघितले नाहीत. ट्रान्सफॉर्मर आला, क्रेनने चौथऱ्यावर ठेवला, फोटो काढले, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. त्याने गुडघ्यावर बसून मोबाइलच्या उजेडात पाटी वाचली, मग काही न बोलता मान वर करून रस्त्यावरच्या खांबाकडे पाहिलं. खांबावर ताणाच्या इन्सुलेटरच्या दोन-दोन चकत्या होत्या. त्याने मला खुणेनेच पाटी दाखवली. पाटीवर ११ केव्ही, म्हणजे ११ हजार व्होल्ट, लिहिलेलं होतं आणि लाइन २२ केव्हीची होती.

पुण्यात २२ केव्हीचं जाळं बरंच मोठं आहे. बाहेरगावचा पुरवठादार मात्र डोळे मिटून ११ चा ट्रान्सफॉर्मर पाठवतो, कारण देशात बहुतेक ठिकाणी तोच चालतो. ११ चा ट्रान्सफॉर्मर २२ वर लावता येत नाही, त्यावर तोडगा नाही. तो परत गेला, नवा बनून आला, क्रेनचं भाडं दोनदा, अडीच महिने पाण्यात. तुमच्याकडे ट्रान्सफॉर्मर आला असेल तर आज संध्याकाळी जाऊन पाटी वाचा. आला नसेल तर ऑर्डरच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा आणि फीडर (तिथे वीज आणणारी मुख्य लाइन) किती केव्हीचा आहे हे शाखा कार्यालयातल्या अभियंत्याला विचारा. तोंडी सांगेल, पण तेवढं पुरे.

कागदांची ‘त्रुटी’ म्हणजे काय, हे तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. तुमची जागा भाड्याची आहे. सातबारावर किती नावं आहेत? सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. त्याआधी सगळं ग्रामपंचायतीत होतं. जमिनी वडिलोपार्जित, एका सातबारावर चुलत्यांची, बहिणींची, वारलेल्या आजोबांचीही नावं. भाडेकरार तुम्ही ज्याच्याशी केला तो घरातला बोलता माणूस, पण सही एकट्याची. भाड्यासाठी ते चाललं, कारण भाडं रोख येतं आणि घरात वाटलं जातं. ट्रान्सफॉर्मरच्या वेळी चालत नाही. कारण तो उभा राहिल्यावर यंत्रणा महावितरणच्या ताब्यात जाते, माणसांना तिथे कधीही येता-जाता आलं पाहिजे, त्यासाठी जागा देण्याचं संमतीपत्र लागतं आणि ते सगळ्या मालकांचं लागतं.

इथे भाऊबंदकी वर येते. माझ्या एका कामात चार भावांपैकी तिघांनी सह्या केल्या. चौथा अडून बसला. त्याचा चार्जिंगला विरोध नव्हता, त्याचं म्हणणं होतं की डीपी माझ्या वाटणीच्या कोपऱ्यात का? वाटणी कागदावर झालेलीच नव्हती, तरी कोणता कोपरा कोणाचा हे चौघांनाही पाठ होतं. आम्ही पाच आठवडे कार्यालयात ‘त्रुटी, त्रुटी’ ऐकत बसलो. शेवटी त्याच्याकडे चहाला गेलो, नकाशा पुढे ठेवला, चौथरा साडेतीन मीटर सरकवला, म्हणजे मोठ्या भावाच्या हद्दीत नेला. सही त्याच दिवशी. तेव्हापासून मी काम घेण्याआधी घरातला न बोलणारा भाऊ कोण, हे विचारून ठेवतो.

तुमच्या बाबतीत मालकाकडून ताजा सातबारा घ्या, नावं मोजा, भाडेकरार नोंदणीकृत आहे का आणि त्यात ‘ट्रान्सफॉर्मर व वीजवाहिनीसाठी जागा देण्यास संमती’ असं वाक्य आहे का ते बघा. नसेल तर पुरवणी करार करा. तोंडी ‘करून घेऊ हो’वर अजिबात थांबू नका.

आता खोदाई. पुण्यात सगळ्यात जास्त महिने इथे जातात आणि सगळ्यात कमी लोक याचा विचार आधी करतात.

तुमची जागा रस्त्याला लागून आहे म्हणता, पण लाइन कोणत्या बाजूला आहे? समोरच्या बाजूला असेल तर केबल रस्ता ओलांडून आणायची. ओलांडणं म्हणजे वीस-पंचवीस मीटर, पण त्या वीस मीटरचा मालक कोण हे आधी ठरवावं लागतं. गावं महापालिकेत आली तरी प्रत्येक रस्त्याचा कागद त्याच दिवशी सरकत नाही. कुठे रस्ता महापालिकेचा, कुठे सार्वजनिक बांधकामचा, बाह्यवळणाजवळ गेलात तर राष्ट्रीय महामार्गाचा, हद्दीबाहेर पडलात तर पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. चुकीच्या दारात अर्ज टाकला तर तो परत यायलाच महिना लागतो. अर्ज टाकण्यापूर्वी क्षेत्रीय कार्यालयाच्या पथ विभागात जाऊन तोंडी विचारा. तिथला कनिष्ठ अभियंता दोन मिनिटांत सांगतो, त्याला रोजचं आहे.

मग मोसम. पावसाळ्यात खोदाईला परवानगी मिळत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर निम्मं पुणे खड्ड्यात. ज्याचा अर्ज एप्रिलच्या शेवटी पोचतो त्याचा पावसाळा पूर्ण वाया जातो. मध्ये पालखी येते, तेव्हा रस्त्यावर हात लावायचा नाही. मग गणपती, मांडव, वाहतुकीचे बदल. तुमचा ठेकेदार मार्चपासून ‘परवानगी नाही’ म्हणतोय, त्यातले जून ते सप्टेंबर हे महिने त्याच्या हातात नव्हते. पण मार्च आणि एप्रिल होते. त्याला विचारा, त्या दोन महिन्यांत अर्जाचा आवक क्रमांक पडला होता का. क्रमांक असेल तर तो खरं बोलतोय.

तिसरी गोष्ट नव्या डांबराची. रस्ता नुकताच झाला असेल तर त्याच्या दोषदायित्वाचा काळ चालू असतो, म्हणजे बिघडला तर तो करणाऱ्यानेच दुरुस्त करायचा. रस्त्याचा ठेकेदार म्हणतो खोदलंत तर मी जबाबदार नाही, आणि फाइल तिथेच थिजते. उलट रस्ता अजून व्हायचा असेल, डांबरी रस्त्याचा काँक्रीट होणार असेल, तर तुमचं नशीब. काम सुरू होण्याआधी रस्त्याखालून दोन पाइप टाकून ठेवायची विनंती करा, एक आजच्या केबलसाठी आणि एक पुढच्या. पुढे भार वाढवाल तेव्हा तो दुसरा पाइप सोन्याच्या भावाचा वाटेल.

खोदाईविना आडवं भोक पाडून केबल ओढायची यंत्रं आता सर्रास मिळतात. पण परवानगी त्यालाही लागते, आणि दोन्ही टोकांना खड्डे लागतातच. शिवाय आपल्याकडे खाली काय आहे त्याचा भरवसा नसतो. पाण्याची लाइन, एमएनजीएलची गॅसची पाइप, चार-पाच कंपन्यांच्या फायबर. गॅसची लाइन नकाशावर असते, जुनं पाण्याचं कनेक्शन मात्र फक्त गावातल्या एखाद्या प्लंबरच्या डोक्यात असतं. म्हणून आधी हाताने चाचणी-खड्डा घ्या. जेसीबी घेऊन आलेल्या ऑपरेटरला पाठवून द्या चहाला.

परवानगी मिळाली, केबल पडली, ट्रान्सफॉर्मर उभा राहिला, चाचण्यांचे अहवाल गेले, निरीक्षण झालं. तरी शेवटची जोडणी करायला मूळ लाइन बंद करावी लागते. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार म्हणजे गुरुवार, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. तुमची जोडणी त्या बंदमध्ये बसवावी लागते. एखादा कागद बुधवारी संध्याकाळी कमी पडला तर पुढचा गुरुवार, आणि पुढच्या गुरुवारी त्या फीडरचं काम नसेल तर त्याच्या पुढचा. म्हणून मीटर, सीटी (मीटरसाठी करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर), टेस्ट रिपोर्ट हे सगळं सोमवारपर्यंत हातात हवं, असा मी माझ्यापुरता नियम केलाय.

वीज आल्यावरही दोन गोष्टी अडवतात. एक अर्थिंग. आपण काळ्या पाषाणावर राहतो. बाणेर, पाषाण, बावधन, वारजे, टेकडीच्या बाजूला कुठेही गेलात तर दोन-तीन फुटांवर कातळ लागतो. अर्थिंगचा खड्डा खणणारा गडी दुपारपर्यंत पहार आपटतो आणि मग ‘साहेब, झाला की’ म्हणून अर्ध्या उंचीची पट्टी गाडून मोकळा होतो. वरून विटांचं चौकोनी कुंडं बांधलं, हिरवा रंग दिला, की सगळे खड्डे सारखेच दिसतात. पावसाळ्यात रीडिंग चांगलं येतं, एप्रिलमध्ये बिघडतं. घरातला फ्रिज यावर तक्रार करत नाही. चार्जर करतो. तो गाडी लावायच्या आधी अर्थ तपासतो आणि पटलं नाही तर सुरूच होत नाही.

एका स्टेशनवर तर गंमत होती. एसीचे दोन चार्जर. एकावर गाडी लावली की व्यवस्थित चालायची. दुसऱ्यावर दुसरी लावली की त्याच्या पडद्यावर लाल, ‘अर्थ फॉल्ट’. पहिली काढली की दुसरी चालू. चार्जरवाल्याने कार्ड बदललं, सॉफ्टवेअर नवं टाकलं, आठ दिवस गेले. मी मल्टिमीटर घेऊन न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये व्होल्टेज बघितलं. गाडी नसताना जवळपास शून्य, एक गाडी लागली की आठ-नऊ व्होल्ट. दोन्ही एसी चार्जर आणि सगळे दिवे एकाच फेजवर जोडलेले, न्यूट्रलची केबल बारीक आणि साठ-सत्तर मीटर लांब. पहिल्या गाडीचा ३२ अँपिअर करंट त्याच न्यूट्रलमधून परत जाताना तिथे व्होल्टेज उभं करत होता आणि दुसरा चार्जर त्यालाच अर्थिंगचा दोष समजत होता. फेज वाटून दिले, न्यूट्रल जाड टाकला, अर्थचे खड्डे पट्टीने एकमेकांना जोडले. दुपारी चारला दोन्ही गाड्या शेजारी शेजारी चालू. तुमच्या ठेकेदाराला वीज यायच्या आधीच विचारा: एसीचे दोन चार्जर कोणत्या फेजवर आहेत?

दुसरी गोष्ट मोबाइलच्या रेंजची. चार्जर सिमकार्डवरून मागच्या सर्व्हरशी बोलतो, पैसेही तसेच जमा होतात. पत्र्याच्या शेडखाली, टेकडीच्या आडोशाला रेंज नसेल तर चार्जर जिवंत असून मेल्यासारखा. कोणत्या कंपनीचं सिम चालतं ते जागेवर उभं राहून बघा. अॅन्टेना बाहेर काढायला लागला तर काढा. हे पाचशे रुपयांचं काम आहे, पण शेवटच्या दिवशी कळलं तर आठवडा खातं.

आता तुमच्या चार्जरबद्दल, जे तुम्ही विचारलं नाही. ते अख्खा पावसाळा बंद उभे होते. वॉरंटी कधीपासून मोजली जातेय ते ऑर्डरमध्ये बघा. बऱ्याच ठिकाणी ती माल पाठवल्यापासून सुरू होते, स्टेशन चालू झाल्यापासून नाही. तसं असेल तर सात महिने गेले. पुरवठादाराला आजच लेखी कळवा की जोडणी अजून झालेली नाही, वॉरंटी कार्यान्वित झाल्याच्या तारखेपासून धरावी. मान्य करतीलच असं नाही, पण नंतर बोलायला कागद राहतो. आणि वीज सोडण्यापूर्वी त्यांच्याच माणसाकडून कपाटं उघडून बघून घ्या. ओल, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, फिल्टरवर चढलेली बुरशी. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून इन्सुलेशन बघितल्याशिवाय स्विच टाकू देऊ नका. मागच्या वर्षी असाच एक बंद ठेवलेला चार्जर सुरू करताना गनचं (गाडीत खुपसायच्या प्लगचं) टोपण उघडलं तर आत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. पिना दिसतच नव्हत्या. लाकडी काडीने अर्धा तास कोरून काढलं, तेव्हा गाडीत शिरली.

तर आता काय करायचं? एक मार्ग आहे जो लोकांना कमीपणाचा वाटतो म्हणून ते घेत नाहीत. पूर्ण १४५ किलोवॉटची वाट न बघता लहान भाराने सुरू करा. शाखा कार्यालयात विचारा, आत्ताच्या डीपीवर चाळीस-पन्नास किलोवॉटची जागा आहे का. असेल तर एसीचे दोन्ही आणि डीसीचा एक चार्जर सॉफ्टवेअरने तीसवर मर्यादित करून चालतो. बहुतेक डीसी चार्जरना ही सोय असते. गाडीला वेळ जास्त लागेल, पण फलकाखाली गाड्या उभ्या राहायला लागतील आणि हप्त्याला काहीतरी लागेल. ट्रान्सफॉर्मर झाला की भारवाढ. मात्र हे अर्जाच्या वेळीच अभियंत्यांशी बोलून ठरवा. एक अर्ज मध्ये असताना दुसरा टाकला तर दोन्ही अडकतात, आणि तसं झालेलं मी बघितलंय.

जनरेटरवर चालवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी दिलाच असेल. डिझेलच्या लिटरला तीन-साडेतीन युनिट मिळतात. एका युनिटला काय पडेल ते तुम्हीच मांडा, आणि मग त्या सल्लागाराला एक डबा डिझेल भेट द्या.

अनुदानाच्या आशेवर थांबू नका, एवढंच म्हणेन. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २०२४ मध्ये चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले गेले आणि राज्याचं २०२५ चं धोरण महामार्गांवर दर २५ किलोमीटरला स्टेशन हवं म्हणतं. धोरणं चांगली आहेत. तुमची वीस मीटरची खोदाई त्यातून होणार नाही.

ज्यांना सोसायटीच्या आवारात चार्जर लावायचाय आणि जे हे वाचून घाबरले असतील, त्यांच्यासाठी: तुमचं प्रकरण वेगळं आणि सोपं आहे. २०२४ च्या त्याच दुरुस्तीने गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागायचा हक्क दिलाय. भार छोटा, खोदाई बहुधा नाही. तिथली अडचण विजेची नसून सर्वसाधारण सभेची असते, आणि त्यात मी पडत नाही.

तुमच्यासाठी हा आठवडा असा लावा. सोमवारी ठेकेदाराला सोबत घेऊनच शाखा कार्यालयात जा, एकटे जाऊ नका, तो एकटाही नको. त्रुटी नेमक्या कोणत्या, हे लेखी मागा. बहुतेक दोनच निघतील आणि त्यातली एक संमतीपत्राची असेल. मंगळवारी सातबारा आणि मालक. बुधवारी पथ विभाग. पावसाळा संपलाय, खोदाईचे अर्ज आता घेतले जातात, आणि रांगेत जो आत्ता असेल त्याचं काम दिवाळीनंतर लगेच निघतं. पंधरा दिवसांनी गेलात तर तुमच्यापुढे फायबरवाल्यांच्या चाळीस फायली असतील.

आणि चार्जरच्या गनची टोपणं नीट बसली आहेत का, ते जाता-जाता बघून घ्या.